वरचं पाणी

आमच्या सोसायटीच्या नळाला जे येतं ते पाणी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. एव्हरशाईन सिटीत राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण हे मत काही बदललेलं नाही. टाकीत थोडं पालिकेचं, थोडं बोअरचं आणि उरलेलं टँकरचं अशी भेसळ असते. साबण घासून हात दुखतात, तरी फेस येत नाही. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, गिझर दर वर्षी बिघडतो आणि तूरडाळ कुकरच्या शिट्ट्यांना दाद देत नाही. सोसायटीच्या सभेत मी हे सगळं बोलले, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या. तुम्हाला सगळीकडे क्षारच दिसणार." दिसतात, कारण ते असतात. पण सभेत खरं बोलणाऱ्याला चहाबरोबर बिस्कीटसुद्धा मिळत नाही.

पिण्यासाठी मग मशीन बसवलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला त्या मशीनचं पाणी दिलं. तिनं घोट तोंडात घेतला, जरा वेळ धरला, गिळला आणि पेला खाली ठेवला.

"बाय, ह्या पान्याला काय झाला? आजारी हाय काय?"

मी म्हटलं, "शुद्ध आहे ते. त्यातलं सगळं काढून टाकलंय."

"सगला काढल्यावर मंग मना काय देतेस?" ती म्हणाली.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर तिचंच म्हणणं खरं ठरलं असतं. पाण्याची चव म्हणजे त्यात विरघळलेली माती, दगड आणि हवा. शाळेच्या पुस्तकात आम्ही पाठ केलं होतं की पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन असतं. लहानपणी मी हे घोकत बसले होते, तेव्हा भाकरी थापता थापता आई हसली होती. "ज्यानी ह्या लिवलाय त्यानी आपल्या बावीचा पानी पिला नसंल," असं ती म्हणाली होती. बाव म्हणजे विहीर. आमच्याकडे विहीर हा शब्द शाळेत वापरायचा आणि बाव घरात.

वर्गात पाणी हा धडा आला की मी जरा जास्तच बोलते. मुलं म्हणतात, मॅडमचा आवाज बदलतो. बदलत असेल. पाण्याइतका वेगळा पदार्थ नाही. त्याच्या जवळची भावंडं, म्हणजे तशाच बांधणीचे पदार्थ पाहिले, तर खरं म्हणजे पाण्यानं आपल्याकडच्या साध्या हवेतही वायू होऊन उडून जायला हवं होतं. पण त्याचे कण एकमेकांचे हात धरून राहतात, म्हणून ते द्रवरूपात राहतं आणि आपण जिवंत आहोत. बाकीचे बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात आणि बुडतात, हे गोठलं की फुगून तरंगतं. हे लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही, म्हणून समुद्राकाठच्या वसईत थंडी अशी कधी पडतच नाही. शिवाय दारात जो येईल त्याला आत घेण्याची त्याला खोड आहे. मीठ आलं, मीठ घेतलं. चुना आला, चुना घेतला. कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नाही.

असं असूनही गोडं पाणी आणि खारं पाणी एकाच विहिरीत, मध्ये काही पडदा नसताना, एकावर एक वर्षानुवर्षं राहू शकतं. हे मी पुस्तकात फार उशिरा वाचलं. त्याआधी मी त्याच पाण्यावर वाढले होते.

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, होळी नावाच्या नाक्याच्या पुढं, खाडीच्या अंगाला. पुढे भाजीचे वाफे, मागे केळी, आणि केळी संपतात तिथं बाव. पावसाचं पाणी आमच्या वाळूत मुरायचं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहायचं. गोडं पाणी हलकं, खारं जड. सगळ्या गावाची तहान त्या वरच्या थरावर भागायची. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण पाणी काढायची रीत मात्र सगळ्यांना शिकवलेली होती. आईनं मला शिकवली ती अशी. कळशी धाडकन सोडायची नाही. दोर हळूहळू द्यायचा, कळशी पाण्याला टेकली की दोराला बारीक हिसका द्यायचा, म्हणजे ती कुशीवर वळते. मग तिच्या तोंडात वरचंवरचं पाणी आपणहून शिरतं. "बुडवायची नाय, निजवायची," आई म्हणायची. लेकराला निजवताना जेवढा आवाज होईल, तेवढाच कळशीचा झाला पाहिजे. माझ्या हातून डुबुक आवाज आला, की केळीतून हाक यायची, "कोन ती, म्हैस पानी काढते काय?"

वैशाखात दुपारनंतर बावीवर जायला बंदी असे. बावीला दम खाऊ दे, असं म्हणायचे. आम्हाला वाटायचं, उन्हात मुलं तडमडायला नकोत म्हणून मोठ्यांनी काढलेली ही सबब आहे.

त्या पाण्याची चव कशी होती, हे मला सांगता येणार नाही. गोड म्हणावं तर साखरेची आठवण होते, आणि तशी ती नव्हती. उन्हातून आल्यावर पहिला घोट घशाखाली गेला की पोटातून "हां" असा आवाज यायचा, एवढं नक्की आठवतं. त्यात शिजलेल्या डाळीला घोटावं लागायचं नाही. केसांना शिकेकाई लावली की फेस कानात जायचा. आज मला घर आठवतं ते डोळ्यांनी नाही, जिभेनं आठवतं. आणि अशी आठवण फार वाईट असते, कारण फोटो काढून बघता येत नाही.

दर वर्षी मृगाच्या आधी बावीचा उपसा व्हायचा. भाऊबंद जमायचे, सकाळपासून बादल्या चालायच्या, कुणीतरी खाली उतरून पाचोळा आणि गाळ वर द्यायचं. दिवसभर उपसूनही खाली कमरेएवढं पाणी राहायचंच. माणसांचे दंड थकायचे आणि तिथं काम थांबायचं. मग आई बावीला हळदकुंकू वाहायची आणि सगळ्यांना वड्यांचं जेवण असायचं.

पुढे भाऊबंद नोकऱ्यांना लागले. कुणी अंधेरीला, कुणी विरारला फ्लॅटमध्ये. एका वर्षी उपशाला बाबा आणि दादा असे दोघेच उरले. दादा कामण गावातल्या एका गोदामात कामाला. तिथं नव्या बांधकामाच्या पायाच्या खड्ड्यातलं पाणी काढायला पंप आणलेला होता, तो त्यानं एका दिवसासाठी मागून आणला. मी तेव्हा पेपर तपासायला बाहेरगावी होते. पण तो दिवस मी इतक्यांदा ऐकलाय की तिथं असल्यासारखाच आठवतो. पंप लावल्यावर बघता बघता बाव कोरडी झाली. तळ दिसला. बाबांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना तो पहिल्यांदा दिसला. ते शिडीनं उतरले आणि तळाशी उभे राहून ओरडले, "पाय सुके हायत माजे, बघा!" आईची हरवलेली पितळी पळी सापडली, माझी कंपासपेटी सापडली. आईनं वरून वाकून पाहिलं आणि तीही हसली. अशी लख्ख बाव गावात कुणाची नव्हती. पंचक्रोशीतल्या कुठल्याही आळशी माणसानं जे केलं नसतं, ते आमच्या घरानं स्वच्छतेच्या हौसेनं केलं.

वरचं वजन उतरलं आणि खालून खारं पाणी चढलं. सकाळी आईनं चहा केला तो कुणाच्या तोंडात जाईना.

"गाल ढवललाय," बाबा म्हणाले, "बसंल दोन दिवसांनी."

मी परत आले तेव्हा ते रोज पहाटे उठून खारं पाणी काढून गटारात ओतत होते. वाईट पाणी काढून टाकलं की चांगलं येईल, असा त्यांचा हिशेब. साध्या विहिरीला तो लागूही पडला असता. इथं ते जितकं काढत होते तितकं खालचं खारं वर येत होतं. माणूस जिवापाड मेहनत करून स्वतःचंच नुकसान करत असेल, तर त्याला अडवायचं कसं?

शेवटी मी ओट्यावर काचेची बरणी ठेवली. बीट उकडलेल्या लाल पाण्यात मूठभर मीठ कालवून ते बरणीत ओतलं. त्यावर चमच्याच्या पाठीवरून, थेंबथेंब, साधं पाणी सोडलं. खाली लाल, वर नितळ, मध्ये रेघ. बाबा स्टूल ओढून जवळ बसले. मग मी वरच्या पाण्यात नळी घातली आणि जोरात ओढलं. रेघेच्या मधोमध लाल पाण्याचा एक उंचवटा झाला आणि नळीकडे चढत आला.

बाबांनी तो नीट पाहिला. "आनि आता? बसंल ना परत?"

"गाळ बसतो, बाबा. मीठ बसत नाही. आता पावसानंच वरून दाबत दाबत त्याला खाली न्यायला हवं. आपण हात लावायचा नाही."

"किती वर्सं?"

हे मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. ते उठले, मागे गेले, रहाटावरचा दोर सोडला, त्याची गुंडाळी केली आणि पडवीतल्या खुंटीला लावून टाकली. मला त्या वेळी स्वतःच्या शिकवण्याचा फार राग आला. मुलांना मी तो प्रयोग पुन्हा कधी करून दाखवला नाही.

घरात पालिकेचा नळ आला. वाफे सुकले, केळी तगल्या. बाबा रोज सकाळी चूळ भरून बावीच्या काठावर जाऊन बसायचे. काढायचं काही नसायचं, नुसतं बसायचं. पाऊस झाला की वाकून पाणी किती चढलं ते बघायचे. आईला वाटायचं, हे एक दिवस तोल जाऊन पडतील. ते पडले नाहीत, पण आजारी मात्र पडले. शेवटच्या दिवसांत अन्न सुटलं होतं. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि आईला म्हणाले, "बावीचा पानी दे घोटभर."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. आईनं ते त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी तो घोट तोंडात धरला, धरूनच ठेवला. मग गिळला आणि म्हणाले, "बरा हाय."

आयुष्यभर त्यांना साधं खोटं बोलता आलं नाही. पाहुण्यांना "घरी नाहीत" सांग म्हटलं तर दारात जाऊन "मी घरी नाय" म्हणणारा माणूस. तेवढं एकदाच त्यांना जमलं, आणि तेही आम्हा दोघींना वाईट वाटू नये म्हणून.

त्यानंतर दर पितृपक्षात, बाबांच्या तिथीला, आई बावीच्या पाण्याची चौकशी करते. पावसाळा नुकता संपलेला असतो, वरचा गोडा थर वर्षातला सगळ्यात जाड असतो. बाबांच्या पानाशी तांब्या ठेवायचा तो बावीच्या पाण्याचा, एवढीच तिची इच्छा आहे. दर वर्षी ती एक कळशी काढायची, चाखायची आणि मान हलवायची. मग नळाचं पाणी ठेवायचो.

गेल्या उन्हाळ्यात दादानं विषय काढला. बाव बुजवू या, गाडी लावायला जागा होईल. पाणी पिता येत नाही, डास मात्र होतात. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आजूबाजूच्या किती बावी आणि बावखलं, म्हणजे पावसाच्या पाण्याची तळी, भरावाखाली गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. पण मला वाटतं, गाडी हे निमित्त होतं. पंप त्यानं आणला होता. त्यावरून त्याला घरात कुणी कधी एक शब्द बोललं नव्हतं, आणि तेच त्याला सोसत नव्हतं. रोज सकाळी दात घासताना ती बाव त्याच्यासमोर असायची.

आई म्हणाली, "ह्या तिथीपर्यंत थांब. पानी खारा निगाला तर बुजव. मी आडवी येनार नाय."

त्या दिवसापासून ती फ्लॅटच्या बाल्कनीत बसून पाऊस बघायची. पाऊस उघडला की अस्वस्थ व्हायची. शेजारणीनं कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुर केली, तर आई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिथीच्या दिवशी आम्ही रिक्षानं निघालो. आईच्या मांडीवर तिची तांब्याची छोटी कळशी होती. माझ्या पर्समध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेली सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली होती. पाण्यात मीठ असलं की तिच्या दोन थेंबांनी ते पांढरं होतं. आदल्या वर्षी नळीत अक्षरशः दही झालं होतं. रिक्षा रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला उतरली. मी नास्तिकच आहे, पण त्या सकाळी मनातल्या मनात कुणाला तरी हात जोडत होते.

दादा प्लास्टिकची बादली घेऊन बावीवर उभाच होता. त्यानं ती आत सोडायला उचलली तशी आई ओरडली, "ठेव ती खाली!" तिनं पडवीतून दोर मागवला. बाबांनी घातलेल्या वेटोळ्यांना सवयीनं तशीच घडी पडलेली. तिचे गुडघे दुखतात, मला तिला धरून उभं राहावं लागलं. पण हात अजून तेच. दोर सरकत गेला, कळशी टेकली, बारीक हिसका, आणि ती कुशीवर वळली. आवाज झाला नाही.

मी काचेच्या नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकले. पाणी दुधाळ झालं. दही नाही, पातळ पेजेसारखं.

"हे पांढरं कसलं?" दादानं विचारलं.

"एवढं गोड्या पाण्यालाही येतं," मी म्हटलं. एवढं येत नाही, पण थोडं येतं.

आईनं ओंजळीत पाणी घेतलं. तोंडात धरलं. डोळे मिटले. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. तिनं गिळलं आणि म्हणाली, "बरा हाय."

ते शब्द मी ओळखले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी ओंजळ पुढे केली. पाणी गार होतं, आणि क्षणभर पोटातून तो जुना "हां" निघेलसं वाटलं. मग जिभेच्या मागच्या बाजूला, अगदी शेवटी, मीठ आलं. गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ कमी, पण होतं.

"काय गं?" दादा म्हणाला, "तू सांग. तू शिकलेली."

"गोडं आहे," मी म्हटलं.

तो आमच्या दोघींकडे बघत राहिला. मग त्यानंही कळशी कलती करून ओंजळ भरली आणि प्यायला. त्याच पाण्यावर तोही वाढलेला, त्याची जीभ काही वेगळी नाही. तोंड पुसून त्यानं बावीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "डास नकोत पन. पालिकेतून गप्पी मासे आनून सोडतो."

आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला आणखी एक कळशी काढायची होती, डाळीसाठी. तिनं काढू दिली नाही. "एक पुरे," म्हणाली, "बावीला दम खाऊ दे." दोर तिनं स्वतः गुंडाळला.

वहिनीनं पान वाढलं. वडे, खीर, अळू, भोपळ्याची भाजी, बाबांना आवडायची म्हणून सुकटीची चटणीही वेगळ्या वाटीत. दादा नमस्कार करून बाहेर गेला, फोनवर कुणाला तरी मासे कुठं मिळतात ते विचारत. मी दारात थांबले होते. आईनं तांब्या भरला, पानाच्या उजव्या बाजूला ठेवला, तोंडावरचं फुलपात्र नीट केलं आणि बाबांच्या फोटोकडे पाहिलं. आम्हा मुलांशी ती एक बोलली होती. त्यांच्याशी तिला तसं बोलता येईना.

"अजून थोडा खारा हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पन उतरतोय. थांबा जरा."